पाणी आमच्या घरातलं होतं

आमच्या इमारतीत माझ्या सासूबाईंना तोंडावर सगळे काकू म्हणतात आणि पाठीमागे पणकाकू. त्यांना हे ठाऊक आहे. एकदा जिन्यात दोन मुलांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं, तर वर येऊन मला म्हणाल्या, "अगं, नाव काही वाईट नाही. निदान मी काय बोलते ते लोक ऐकतात, हे तरी कळलं."

नाव पडायचं कारण साधं आहे. कुणी नवा सोफा घेतला आणि हौसेनं त्यांना बघायला बोलावलं, की त्या जाणार, बसून बघणार, हात फिरवणार, "सुरेख आहे हो" म्हणणार. मग जरा थांबून, "पण..." त्या 'पण'च्या पुढचं सगळ्यांना पाठ झालेलं. पण वरून पाणी आलं तर? पण वायर तापली तर? पण कुणी कुलूप फोडलं तर? एका शेजारणीनं तर हातच जोडले होते, "काकू, आजच्या दिवस शुभ बोला, सोफ्याचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नाही."

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा मलाही हा 'पण' जड जायचा. माझ्या माहेरी विमा म्हणजे माणूस गेल्यावर मिळतो तो पैसा, त्याचं नाव जेवताना काढायचं नाही. आणि इथे सासूबाई भाजी निवडता निवडता आगीचे आणि पुराचे प्रकार सांगणार. आज मात्र मला कुणी विचारलं, की तुझ्या ओळखीतलं मोठं माणूस कोण, तर मला लांब जावं लागत नाही. ते आमच्याच स्वयंपाकघरात डोक्यावर चष्मा ठेवून चष्मा शोधत असतं.

सासूबाई मूळच्या टेलिफोन ऑपरेटर. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत त्यांचा बोर्ड होता. वर वॉर्डात काय चाललंय ते त्यांना आवाजावरून कळायचं. बातमी चांगली असली की नातेवाईक भरभर बोलतात, वाईट असली की आधी नुसता श्वास ऐकू येतो, असं त्या सांगतात. अजूनही फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नाहीत. "बोला, ऐकतेय," म्हणतात, आणि खरोखर ऐकतात.

त्या नोकरीत असताना एका सिस्टरच्या भाड्याच्या घराला आग लागली. सिस्टर ड्यूटीवर होती, म्हणून जिवावरचं घरावर निभावलं. सगळं हॉस्पिटल तिला धीर देत होतं, "काळजी करू नकोस, घरमालकाचा विमा आहे." विमा होता, आणि तो मिळालाही. घरमालकाला भिंती, छत, खिडक्या सगळं परत उभं करून मिळालं. सिस्टरला तिच्या एका चमच्याचेही पैसे मिळाले नाहीत. ती महिनाभर मैत्रिणींचे कपडे घालून कामावर येत होती. सासूबाईंनी हॉस्पिटलात येणाऱ्या एका विमा एजंटला गाठून विचारलं, "असं कसं झालं?" तो म्हणाला, "बाई, ती भाडेकरू ना! घर मालकाचं, विमा मालकाचा." "मग हे तिला आधी कुणी का सांगितलं नाही?" यावर त्यानं बॅग उचलली आणि तो पुढच्या वॉर्डाकडे गेला.

पुढे हॉस्पिटलात फोन आपोआप जोडून देणारी यंत्रणा आली आणि बोर्ड गेला. त्यांना जुन्या फायली लावायचं काम देऊ केलं होतं. त्या म्हणाल्या, "मला माणसांशी बोलायची सवय आहे, गठ्ठ्यांशी नाही." आणि घरी येऊन विमा एजंटाच्या परीक्षेला बसल्या. पहिल्यांदा नापास झाल्या. तेव्हा माझे सासरे हयात होते आणि माझा नवरा कॉलेजात होता. सासरे म्हणाले, "मुलगा पास, आई नापास. चला, घरात समतोल राहिला." दुसऱ्यांदा पास झाल्या तेव्हा मात्र सासऱ्यांनीच आख्ख्या इमारतीला चहा पाजला.

आयुर्विमा विकणारे घरटी एक होते. प्रत्येकाचा कुणी ना कुणी साडू, मेहुणा त्या धंद्यात. घराचा विमा मात्र कुणी विकत नव्हतं, कारण विकणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. आणि कुणी घेत नव्हतं, कारण आपल्याला काय होतंय! सासूबाईंनी नेमकं तेच धरलं.

त्यांची पद्धत त्यांच्या ब्रँच मॅनेजरला कधी पटली नाही. त्या समोर बसल्या की आधी काय मिळणार नाही ते सांगायच्या. हळूहळू झिरपून भिंत खराब झाली तर मिळणार नाही. दार उघडं टाकून गेलात आणि चोरी झाली तर भांडावं लागेल. जुनं होऊन मोडलं तर ते तुमचं तुम्ही बघायचं. निम्मी गिऱ्हाइकं तिथेच उठायची. मॅनेजर म्हणाले, "अहो बाई, तुम्ही माल विकताय की परत घेताय?" त्या म्हणाल्या, "साहेब, घर पेटल्यावर कुणी पॉलिसी वाचायला बसत नाही. सही करतात त्याच दिवशी कळायला हवं."

आणि समजावून सांगायची हातोटी तर अशी, की शेंबड्या पोरालाही कळावं. आमच्यासारख्या इमारतीत कुणाचा विमा कुठवर पोचतो, हा भल्याभल्यांचा घोळ. सासूबाई भिंतीला हात लावून सांगायच्या, "हे बघा, भिंत सगळ्यांची. भिंतीवरचा रंग फ्लॅटवाल्याचा. आणि भिंतीला टेकवलेलं कपाट, ते ज्यानं आणलं त्याचं. भाडेकरूनं आणलं असेल तर भाडेकरूचं. सोसायटीचा विमा भिंतीपाशी थांबतो. मालकाचा रंगापाशी थांबतो. कपाटाचं ज्याचं त्यानं बघायचं." कुणी विचारलं, की सामान कोणतं आणि घर कोणतं, तर म्हणायच्या, "घर सोडून जाताना जे टेम्पोत चढवाल ते सामान. जे मागे राहील ते घर."

आता खालच्या घराबद्दल सांगते. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटचा मालक परगावी असतो. तिथे एक तरुण जोडपं भाड्यानं आलं. तो शहर बस चालवायचा. ती मुलांना कीबोर्ड शिकवायची. दुपारी शाळा सुटली की त्यांच्या घरात पोरांची रांग. तेच तेच चार सूर, तीच तीच चूक, आणि तिचं न कंटाळता "पुन्हा". इमारतीत तिला सूरवाली म्हणायचे आणि त्याला बसवाला. त्यांना एक लहान मुलगी, नुकती उभी राहायला लागलेली.

सासूबाई तिथे जाणार नाहीत असं कसं होईल? गेल्या, मुलीला मांडीवर घेतलं, कीबोर्ड बघितला.

"छान आहे गं. महागातला दिसतो."

"हो काकू. लग्नात दागिने नको म्हटलं आणि हा घेतला."

"बरं केलंस. पण..."

बसवाला आतून हसत बाहेर आला. "काकू, आलं का ते! अहो, आम्ही भाडेकरू. घर आमचं असतं तर घेतला असता विमा."

"घर तुझं नाही, कीबोर्ड तुझा आहे ना? गादी, फ्रीज, या बाळाचा पाळणा?"

"मालकांचा विमा आहे म्हणाले ते."

"तो त्यांच्या रंगाचा, फरशीचा. तुझ्या पाळण्याशी त्यांचा काय संबंध?"

"बघू पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. सासूबाई तीनदा गेल्या, तो तीनदा 'पुढच्या महिन्यात' म्हणाला. त्या रागावल्या नाहीत. "बस वेळेवर येत नाही म्हणून बसवाल्यावर कोण रागावतं?" म्हणायच्या.

त्यानंतरची गोष्ट. आमच्या घरी कपडे धुवायच्या मशीनला नळापासून येणारा पाइप गळायला लागला होता. थेंब थेंब. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "पाइप बदल." त्यानं चिकटपट्टी गुंडाळली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तो नवा पाइप घेऊन आला आणि कपाटावर ठेवला. बसवायचा राहिला. माझा नवरा नकाशे काढायच्या ऑफिसात आहे. कागदावर काढलेलं काम झालंच असं त्याला वाटतं.

एका सुटीच्या दिवशी त्यानं मशीन लावलं आणि केस कापायला गेला. न्हाव्याकडे गर्दी. सासूबाई गिऱ्हाइकांकडे गेलेल्या, मी चष्म्याच्या दुकानात कामावर. चिकटपट्टी सुटली, पाइप सुटला, आणि नळ तर पूर्ण उघडा. पाणी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेलं, तिथून जिथे वाट मिळाली तिथून खाली.

सूरवाली मुलीला कडेवर घेऊन वर धावत आली, दार वाजवलं, कुणी नाही. मग तिनं सेक्रेटरींना गाठून मुख्य नळ बंद करायला लावला. मी दुकानातून आले तेव्हा जिन्यातूनच पाण्याचा आवाज येत होता. खाली गेले. छताचं प्लास्टर गादीवर पडलं होतं. कपाटाचं प्लायवूड फुगून दारं वाकडी झालेली. पाळणा ओला. आणि कीबोर्ड बरोबर त्या भेगेखाली. ती रडत नव्हती. कीबोर्ड उभा धरून हलवत होती, आणि पट्ट्यांच्या फटींतून पाणी गळत होतं. मला बघून म्हणाली, "ताई, वाळेल ना हो हा?" मी नुसतं कीबोर्डचं दुसरं टोक धरलं.

सासूबाई आल्या त्या स्वतःच्या घरी गेल्याच नाहीत. खालच्या दारात चपला काढल्या, पदर खोचला आणि पोछा हातात घेतला. मुलीला वर आमच्या आतल्या कोरड्या खोलीत झोपवायला पाठवलं. मग सूरवालीला म्हणाल्या, "काही फेकू नकोस. मोडकं, भिजलं, काहीही. आधी फोटो काढ, मग हलव." बसवाला धावपळ करत आला तोवर निम्मी खोली कोरडी झाली होती. तो त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाला, "काकू, मी पुढच्या महिन्यात घेणार होतो."

"माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. मी तिथेच उभी होते.

संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाशी सेक्रेटरी, प्लंबर आणि आम्ही घरचे. आमच्याकडेही कमी नुकसान नव्हतं. लाकडी पट्ट्यांची नवीन जमीन फुगून नांगरलेल्या रानासारखी झाली होती, आणि ओट्याखालची कपाटं गेली होती. प्लंबरनं सगळं तपासलं होतं. तो म्हणाला, "काकू, पाइप सुटला हे खरं. पण भिंतीत जिथे तो जोड जातो तिथेही ओल दिसते. भिंतीतली लाइन सोसायटीची. सुरुवात कुठून झाली, कोण सांगणार? तुम्ही म्हणाल ते मी म्हणेन."

सेक्रेटरी पुढे सरकले. माणूस वाईट नाही, भिडस्त आहे. "काकू, मीही तेच म्हणतो. भिंतीतली लाइन फुटली म्हणा. सोसायटीच्या पॉलिसीतून होऊन जाईल. तुमच्यावर उगाच बालंट कशाला? विमा विकणारं घर तुमचं. लोकांची तोंडं कोण धरणार?"

माझा नवरा खाली मान घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "आई, ते बरोबर बोलतायत. तुझ्या नावाचा प्रश्न आहे."

सासूबाईंनी चहाचा कप बाजूला ठेवला. "सेक्रेटरी, भिंतीतली लाइन फुटली म्हटलं, तर सोसायटीची पॉलिसी काय देईल?"

"लाइनची दुरुस्ती. प्लास्टर."

"आणि खालच्या मुलीचा कीबोर्ड?"

सेक्रेटरींनी चहाचा कप उचलला.

"गादी? कपाट? पाळणा?"

"ते... ते सामान झालं. सोसायटीची पॉलिसी इमारतीची आहे."

"तिऱ्हाइताच्या नुकसानीचं कलम घाला म्हणून मी दर सभेत ओरडत होते. खर्च वाढतो म्हणालात. म्हणजे सोसायटी देणार नाही. मालकाचा विमा रंगापाशी थांबणार. त्यांचा स्वतःचा विमा नाही. मग त्या मुलीनं कुठे जायचं?"

मग त्यांनी आम्हालाच समजावून सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. आमच्या घराच्या पॉलिसीत एक कलम होतं. आमच्या हलगर्जीपणामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं, तर ते आमच्या वतीनं कंपनी भरून देणार. "हे कलम मी इतकी वर्षं घेतेय ते याच दिवसासाठी. पण चूक आमची आहे असं म्हटल्याशिवाय ते दार उघडत नाही. कुणाचीच चूक नाही म्हटलं, की कुणालाच काही मिळत नाही."

नवरा म्हणाला, "बरं, मग आपला पाइप अचानक फुटला म्हणू. आधीपासून गळत होता हे कशाला सांगायचं? ते सांगितलं तर आपल्या जमिनीचं एक दमडीही मिळणार नाही."

"अचानक? मग नवा पाइप कपाटावर कशाला आणून ठेवलास रे?"

तो लाल झाला. सासूबाईंचा आवाज मात्र चढला नाही. "हे बघ, तुझी चूक मी पोटात घालेन. आई आहे, घालायलाच हवी. पण ती दुसऱ्याच्या पोटावर आणायची नाही." मग प्लंबरकडे वळून म्हणाल्या, "आणि तू, मी म्हणेन ते म्हणू नकोस. तुला दिसलं ते म्हण. चहा पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच मॅनेजरना फोन केला आणि आमच्या घराची केस दुसऱ्या एजंटाकडे द्यायला लावली. "माझ्याच घराच्या बाबतीत मी कोण? मी गिऱ्हाईक. गिऱ्हाइकासारखी वागणार."

कंपनीकडून नुकसान बघायला सर्व्हेअर आला. तरुण पोरगा, बूट काढून मोज्यांवर फिरत होता आणि ते मोजे फुगलेल्या पट्ट्यांत अडकत होते. फोटो काढून झाल्यावर त्यानं विचारलं, "पाइप कधीपासून गळत होता?"

"दोनतीन आठवडे तरी. चिकटपट्टी लावली होती. नवा पाइप आणून ठेवला होता, बसवला नव्हता," सासूबाई म्हणाल्या.

त्याचं पेन थांबलं. त्यानं आमच्या भिंतीवरचं त्यांचं एजन्सीचं प्रशस्तिपत्रक पाहिलं होतं. "मॅडम, तुम्ही याच धंद्यातल्या ना? हे मी लिहिलं तर तुमच्या स्वतःच्या जमिनीचं, कपाटांचं काही मिळणार नाही. कल्पना आहे ना?"

"कल्पना? मी लोकांना तेच सांगत फिरते. लिहा. आणि खाली जाल तेव्हा घाई करू नका. त्या मुलीनं सगळं फोटो काढून, जपून ठेवलंय."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आमच्या स्वयंपाकघरासाठी मी वर्षभर कॅटलॉग चाळले होते, दारांचा रंग मी निवडला होता, आणि तरी त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे ती कपाटं.

रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची सभा झाली. बातमी तिखटमीठ लावून पोचलेलीच होती. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ, ज्यांना दर सभेत एक विनोद करायचा असतो, ते मोठ्यानं म्हणाले, "आपल्याला विमा शिकवतात त्यांच्याच घरात पूर आला म्हणे. दिव्याखाली अंधार!" लोक हसले. माझा नवरा उठायला लागला. सासूबाईंनी त्याचा हात दाबला आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"पाणी आमच्या घरातलं होतं," त्या म्हणाल्या. "सोसायटीच्या लाइनचा काही दोष नाही. पाइप गळत होता, बदलायला हवा होता, बदलला नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांची माफी त्यांच्या घरी जाऊन मागितली आहे, इथेही मागते."

हसू विरलं. त्या बसतील असं वाटलं, बसल्या नाहीत.

"आता तुम्ही हसलात, ते बरंच झालं. माणूस हसला की कान उघडे असतात. आमच्या घरातलं पाणी खाली गेलं, त्याची भरपाई होईल, कारण आमचा विमा आहे. उद्या तुमच्या घरातलं पाणी खाली गेलं तर? तुम्ही काय कराल, माफी मागून गप्प बसाल?" मग त्या विनोदी गृहस्थांकडे बघून अगदी मायेनं म्हणाल्या, "तुमच्या वर तर चार मजले आहेत. आणि खाली सगळ्यांच्या गाड्या."

या वेळचं हसणं वेगळं होतं. ते गृहस्थही हसले. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, पण सभा संपल्यावर त्यांच्याभोवती जो घोळका जमला तो पांगायला तयार होईना. मी लांब जिन्यापाशी उभी होते. शेजारच्या इमारतीतली एक बाई सहज आली होती, तिनं विचारलं, "कोण हो या?" मी म्हटलं, "माझ्या सासूबाई." माझा आवाज नको इतका मोठा झाला.

कंपनीचं काम काही चुटकीसरशी झालं नाही. कागद गेले, प्रश्न आले, उत्तरं गेली. कीबोर्ड वापरलेला, म्हणून नव्याच्या किमतीतून काही कापलं जाणार, हे सासूबाईंनी सूरवालीला आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ती खचली नाही. मधल्या काळात तिच्या शिकवण्या बुडत होत्या. त्यावर सासूबाईंनी तोड काढली. हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणीच्या नातीचा कीबोर्ड मागून आणला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत मांडला. रोज दुपारी पोरं आमच्याकडे. उखडलेल्या जमिनीवर सतरंजी घालून ती बसायची आणि तेच चार सूर सुरू व्हायचे. माझ्या नवऱ्यानं त्या पोरांसाठी खुर्च्यांची ने-आण केली, पाणी दिलं, आणि रविवारी स्वतः गुडघ्यावर बसून एकेक नवी फरशी बसवली. एक तिरकी बसली आहे. ती आम्ही तशीच ठेवली.

शेवटी निकाल लागला. खालच्या घराचं प्लास्टर, गादी, कपाट, पाळणा, कीबोर्ड, सगळ्याचं आमच्या पॉलिसीतून मिळालं. आमच्या जमिनीचं आणि कपाटांचं काही मिळालं नाही. पत्र वाचून सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. मीही असंच दिलं असतं." ओट्याखालच्या एका कपाटाचं दार अजूनही गुडघ्यानं ढकलल्याशिवाय लागत नाही.

त्याच आठवड्यात बसवाला वर आला. "काकू, आमच्या सामानाचा विमा करायचाय. सगळं नीट सांगा."

"आधी काय मिळणार नाही ते सांगते."

"सांगा. मी बसलोय." आणि तो खरोखर सगळं ऐकेपर्यंत बसला.

पुढच्या सभेत सोसायटीच्या पॉलिसीत तिऱ्हाइताचं कलम आलं, फारशी वादावादी न होता. आणि मला जी भीती वाटत होती, की आता लोक त्यांच्याकडे फिरकणार नाहीत, ती साफ खोटी ठरली. आसपासच्या इमारतींमधून माणसं यायला लागली. एक आजी म्हणाल्या, "जी बाई स्वतःच्या विरुद्ध खरं बोलते, ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल?" मॅनेजरसाहेबांनीही सूर बदलला. नवीन एजंट भरती झाले की ते दोन दिवस त्यांना आमच्या टेबलाशी पाठवतात. आम्ही चहा करून दमतो, पण नाही म्हणत नाही.

सूरवाली आणि बसवाला काही वर्षं खाली राहिले. मग त्यांनी गावाच्या कडेला स्वतःचं छोटं घर घेतलं. जुनं, एकमजली, मागे थोडी जागा. विमा घ्यायच्या आधी सासूबाईंनी ते डोळ्यांनी बघायचा हट्ट धरला, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. आता त्यांचे गुडघे दुखतात, पण घराभोवती त्या पूर्ण चक्कर मारून आल्या.

बसवाला म्हणाला, "काकू, ज्या किमतीला घेतलं तेवढ्याचा विमा करू ना?"

"त्यात जमिनीची किंमत आहे की नाही?"

"आहे."

"जमीन जळते का रे? हे घर उद्या पडलं तर पुन्हा बांधायला काय लागेल तेवढ्याचा कर. आणि आता इथे भिंतीपासून कौलापर्यंत सगळं तुझं. वर सोसायटी नाही, मागे मालक नाही. तेव्हा छपराचं आधी बघ. छपराकडे कुणी बघत नाही."

असं म्हणून त्यांनी भिंतीला टेकवलेली शिडी बघितली. मी काही म्हणायच्या आत पदर खोचला होता आणि दोन पायऱ्या चढल्याही होत्या. बसवाल्यानं धावत जाऊन शिडी धरली. त्यांची मुलगी, आता चांगली उंच झालेली, खालून म्हणाली, "आजी, सावकाश." वरून सासूबाईंचा वासा ठोकून बघतानाचा आवाज येत होता, आणि मग त्यांचा, "हा बदला. बाकीचे ठणठणीत आहेत."

मी त्यांना "आई, उतरा आता" म्हणणार होते. मग म्हटलं, बघू द्यावं नीट. मी शिडीची दुसरी बाजू धरली.